ताईंनी ठेवलेली नावं

पडदे काढायला माणूस बोलावला होता, पण तो स्टुलावर ज्या पद्धतीने चढला ती ताईंना पसंत पडली नाही. “उतरा खाली, मी दाखवते कसं चढायचं ते,” असं म्हणून त्या स्वतः चढल्या आणि उजवा हात मोडून घेतला. हॉस्पिटलात प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरलाही त्यांनी पट्टी कशी गुंडाळावी यावर दोन शब्द ऐकवलेच. ताई निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली होती, मुख्याध्यापकी काही सुटली नव्हती.

मुलाकडे जायचा प्रश्नच नव्हता. सुनेच्या घरात चमचे ज्या खणात ठेवतात तो खण ताईंना कधी पटला नव्हता. तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत धाकट्या बहिणीकडे राहायचं ठरलं. धाकटी एकटी राहायची, चित्रं काढायची, आणि चमचे कुठे असतात हे तिचं तिलाच ठाऊक नसायचं. त्यामुळे भांडणाला तेवढं एक कारण कमी होतं.

धाकटीची चित्रं अमूर्त. म्हणजे त्यात माणूस नाही, झाड नाही, घर नाही, मागितलं तरी मिळणार नाही. ताईंनी तिची सगळी प्रदर्शनं पाहिली होती, म्हणजे उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसून भाषणं ऐकली होती. लोकांत त्या म्हणायच्या, “आमच्या धाकटीचं काम जरा वेगळं असतं.” नापास मुलाच्या आईला ‘तुमचा मुलगा खेळात चांगला आहे’ असं ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात. घरी आल्यावर मात्र पाय पोटाशी घेऊन बसत आणि म्हणत, “काय ते फासलंय! आणि ती माणसं! हनुवटीला हात लावून उभी राहतात, जशी काही दाढ दुखतेय.”

आता तर धाकटीने तैलरंगही सोडले होते. आयुष्यभर टर्पेंटाइनच्या वासात राहून तिची फुप्फुसं खराब झाली होती, आणि डॉक्टरांनी ते सगळं घराबाहेर काढायला लावलं होतं. मग तिने ॲक्रिलिक आणलं. पाण्यात कालवायचे रंग. आणि कॅनव्हासऐवजी जाड कागद. तैलरंग कसे, आठवडाभर ओले राहतात, माणसाला विचार करायला सवड देतात. हे रंग मन बदलायच्या आत वाळतात. त्यामुळे इतक्या वर्षांत हाताला जे काही येत होतं ते सगळं फुकट गेलं, आणि या वयात धाकटी पुन्हा पहिलीत जाऊन बसली. कागद भिजवायचा, फळीवर चिकटपट्टीने ताणायचा, रंग ओतायचा, त्यावर चुरगळलेलं प्लास्टिक दाबून ठेवायचं, वाळत आलं की ओरबाडून काढायचं, मग सँडपेपरने घासायचं, पुन्हा ओतायचं. कधी जुन्या बँक कार्डाने रंग खरवडायची, कधी ओल्या चित्रावर दुसरा कोरा कागद ठेवून हाताने थोपटायची आणि दोन्ही वेगळे करून बघत बसायची. बहुतेक कागद फाटायचे, नाहीतर चिखल व्हायचा.

“रंग लावायचा आणि मग घासून काढायचा,” ताई म्हणाल्या. “मग मुळात लावायचाच कशाला?”

“ताई, चहा हवाय का तुला?”

“विषय बदलू नकोस.”

घरभर कागद. कपडे वाळत घालायच्या दांडीवर चिमट्यांनी लटकवलेले, जेवायच्या टेबलावर, फ्रीजवर. वाळताना ते वाकडे व्हायचे, मग सपाट करायला गादीखाली ठेवायचे. जड गादी घरात एकच, ताई झोपत ती. “मी तुझ्या कलेवर झोपते,” ताई सांगायच्या, “आणि खरं सांगू? स्वप्नंसुद्धा पडत नाहीत.”

हात गळ्यात, टीव्ही बघून डोळे दुखलेले, पुस्तक एका हाताने धरवत नाही. ताईंना करमेना. मग त्यांनी चित्रांना नावं ठेवायला सुरुवात केली. धाकटी आपल्या चित्रांना फक्त आकडे द्यायची, ‘कागद एक’, ‘कागद दोन’. ताईंना ते हजेरीपटासारखं वाटलं, आणि हजेरीतल्या मुलांना टोपणनावं देण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पिवळट, पोपडे सुटलेल्या एका चित्राचं नाव त्यांनी ठेवलं ‘भाडेकरू गेल्यावरची भिंत’. दोन काळे गोळे एकमेकांपासून लांब सरकलेले होते, ते ‘विहिणी लग्नानंतर’. एक नुसतंच करडं होतं, ते ‘बिनपगारी रजा’. एक तांबडं, ओरखडे मारलेलं, ते ‘मी कुठे काय बोलले?’

धाकटी आधी चिडायची, मग तिला हसू यायचं, मग हसल्याबद्दल पुन्हा चिडायची. “तू जरा गप्प बसून बघत का नाहीस?”

“काय बघू? आहे काय त्यात?”

“म्हणूनच बघ.”

“हे असलं बोलणं माझ्या शाळेत एका चित्रकलेच्या मास्तरांचं होतं. त्यांना मी क्रीडा विभाग दिला.”

एका सकाळी मात्र ताई चहाचा कप डाव्या हातात घेऊन दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. फळीवर मोठा कागद होता. खाली निळ्या-तपकिरीचे कितीतरी थर, आदल्या आठवड्यात चढवलेले आणि घासलेले. धाकटीने पांढरा रंग पाण्यासारखा पातळ केला, कागदाच्या वरच्या कडेवर ओतला, फळी उचलून तिरकी केली. पांढरं हळूहळू खाली आलं आणि खालचं सगळं झाकून बसलं. ताईंना वाटलं, गेलं, आठवड्याचं काम पाण्यात. पण धाकटी हलली नाही. रंग किती वाळतोय ते ती मान तिरकी करून उजेडात बघत होती. मग तिने ओलं फडकं घेतलं आणि मधोमध, एका हाताने, एकाच फटक्यात, पांढरं उचलून काढलं. तिथे खालून जे वर आलं त्या रंगाला ताईंच्या जवळ शब्द नव्हता. निळा म्हणावा तर नव्हता. त्यांचा श्वास अर्ध्यात राहिला. चहावर साय धरली.

धाकटीने वळून बघितलं. ताईंना एकदम कानकोंडं झालं. सगळ्या वर्गासमोर उभं केलंय आणि उत्तर येत नाही, तसं. हा अनुभव त्यांना नवीन होता आणि अजिबात आवडला नाही.

“उतू गेलेलं दूध!” त्या म्हणाल्या.

धाकटी खो खो हसली, ताईही हसल्या. सुटल्यासारखं झालं.

पुढे गॅलरीवाला चित्रं निवडायला आला. त्याला दोघी बहिणी आपसात ‘गुळगुळीत’ म्हणायच्या. डोकं, बूट, बोलणं, सगळं सारखंच घासून चकचकीत केलेलं. तो कोणत्याही चित्रासमोर उभा राहिला की डोळे मिटायचा. ताईंनी धाकटीला विचारलंही होतं, “याला बघायला बोलावलंय ना?” त्या दिवशी धाकटीला फोनवर बोलायला बाल्कनीत जावं लागलं, आणि गुळगुळीतला चित्रं दाखवायचं काम ताईंनी आपण होऊन अंगावर घेतलं. एकेक कागद डाव्या हाताने उचलायचा आणि नाव सांगायचं. ‘बिनपगारी रजा’ला तो हसला. ‘विहिणी लग्नानंतर’ला त्याने डोळे उघडले. ‘मी कुठे काय बोलले?’ ऐकल्यावर त्याने फोन काढला आणि त्यात टिपून घेतलं.

“ताई, तुम्ही तर कवी आहात,” तो म्हणाला.

ताईंनी आयुष्यात खुशामतखोर माणसं पुष्कळ पाहिली होती आणि त्यांना दारातूनच परतवून लावलं होतं. पण ती सगळी शाळेच्या कामासाठी आलेली. नुसत्या विनोदासाठी त्यांची खुशामत कधी कोणी केली नव्हती. त्यांनी उरलेली सगळी नावं सांगितली, आणि ज्यांना नव्हती त्यांना उभ्याउभ्या ठेवली.

उद्घाटनाच्या आधी धाकटी तापाने आडवी झाली. चित्रं टांगताना ती गेली नाही. थेट उद्घाटनाला दोघी गेल्या. तोवर ताईंचं प्लास्टरही निघालं होतं, पण परत जायचा विषय कोणी काढला नव्हता. दारातून आत शिरताच धाकटी थबकली. जवळजवळ प्रत्येक चित्राशेजारी भिंतीवर एक जाड पुठ्ठ्याची पाटी, आणि तीवर ठसठशीत अक्षरांत ताईंची नावं.

“हे काय आहे?” तिने गुळगुळीतला विचारलं.

“सरप्राइज!” तो म्हणाला. “मॅडम, तुमच्या आकड्यांना लोक घाबरतात हो. नावांमुळे चित्र कसं जवळ येतं.”

धाकटी आणखी बोलणार होती, पण तेवढ्यात फुलं आली, कॅमेरे आले, कोणीतरी तिचा हात हातात घेऊन दाबत राहिलं.

आणि प्रदर्शन चाललं की! असं धाकटीच्या नशिबी कधी आलं नव्हतं. लोक हसत होते. आधी पाटीकडे जायचे, वाचायचे, मग मान वर करून चित्राकडे बघायचे, तेही खात्री करून घेण्यापुरतं, आणि पुढच्या पाटीकडे सरकायचे. एकमेकांना हाका मारत होते, “इकडे ये, हे वाच!” ‘विहिणी लग्नानंतर’समोर दोन खऱ्या विहिणी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होत्या. दाढीवाले एक समीक्षक भाषणाला उभे राहिले. धाकटी इतकी वर्षं शिखरावर एकटी बसली होती, ती आता घरगुती उपरोधाच्या वाटेने माणसांत उतरली, असं ते म्हणाले. घरगुती उपरोध पहिल्या रांगेत बसला होता. ताईंची छाती फुगली. शेजारच्या बाईंना त्यांनी हळूच सांगितलं, “नावं माझी आहेत.”

भाषण संपल्यावर त्या फिरायला निघाल्या. खरं तर आपलं कौतुक ऐकायलाच. ‘उतू गेलेलं दूध’समोर एक गृहस्थ आपल्या बायकोला समजावत होते. “हे बघ, ही शेगडी. हा पातेल्याचा काठ. आणि हे इथून उतू गेलंय. दिसतंय?”

“अय्या, हो की!”

ताईंनी मनात म्हटलं, गाढव आहे. पातेलं कुठलं त्यात? तिथे पातेलं नाहीच. तिथे तर... आणि त्या चित्राकडे बघायला वळल्या.

दूध दिसलं. पांढरं, उतू गेलेलं, शेगडीवर सांडलेलं दूध. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. ती सकाळ आठवली, फळी तिरकी केलेली आठवली, ओलं फडकंही आठवलं. पण त्या फडक्याखालून जे वर आलं होतं, ज्याने श्वास अर्ध्यात राहिला होता, ते काही केल्या येईना. डोळे बारीक केले, लांब गेल्या, जवळ आल्या. दूध. त्या मूर्ख माणसाने दाखवलेला पातेल्याचा काठसुद्धा आता दिसायला लागला होता.

जन्मात पहिल्यांदा ताईंना स्वतःचा राग आला. त्याचं काय करतात हे माहीत नसल्यामुळे त्यांनी तो नेहमीच्या रागासारखाच वापरला. पुढे झाल्या आणि ती पाटी नखांनी उचकटून काढली. मागचा डिंक चांगला होता, भिंतीचा थोडा रंगही आला. मग शेजारची काढली. मग त्याच्या शेजारची. काढायची आणि पर्समध्ये कोंबायची.

गुळगुळीत धावत आला. “ताई, ताई, हे काय करताय?”

“माझी नावं आहेत. परत घेतेय.”

“अहो पण लोक बघतायत!”

“कुठे बघतायत? वाचतायत नुसते!” ताईंचा प्रार्थनेच्या मैदानावरचा आवाज लागला, आणि हॉल शांत झाला. “तुम्हाला डोळे दिलेत ते काय पाट्या वाचायला? बघा की जरा समोर! पातेलं म्हणे!”

मग दाढीवाल्या समीक्षकांनी टाळी वाजवली. त्यांची पाहून दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. फोन वर झाले. “वा!” कोणीतरी म्हणालं, “काय कल्पना आहे! आधी नाव द्यायचं आणि मग डोळ्यांदेखत काढून घ्यायचं!” ताईंनी पुढची पाटी काढली तेव्हा तर एकाने शिट्टी मारली. ज्या माणसांना त्या झापत होत्या तीच माणसं त्यांना दाद देत होती, आणि चित्रांकडे आता एखाद्याचीच पाठ होती असं नाही. सगळ्यांचीच होती.

गर्दीच्या पलीकडे धाकटी उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

घरी येताना टॅक्सीत ताईच आधी बोलल्या. “मी तुझ्यासाठीच काढल्या.”

“ठेवल्यास तेव्हा कोणासाठी ठेवल्या होत्यास?” धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली. “आधी नावं ठेवलीस, आता तमाशा केलास. दोन्ही वेळा पुढे कोण, तर तूच. माझ्या भिंतीवर मला एक कोपरा तरी ठेव ना, ताई.”

ताईंच्या तोंडात उत्तर होतं. नेहमीच असायचं. ते त्यांनी गिळलं, आणि ते चांगलंच कडू लागलं.

दुसऱ्या दिवशी गुळगुळीतचा फोन आला. तो खुशीत होता. पेपरात चित्रांबद्दल एक ओळ होती आणि ताईंबद्दल अर्धा रकाना. समारोपाला ताई पुन्हा एकदा तसंच करतील का, नव्या पाट्या तो छापून ठेवेल, असं त्याचं म्हणणं. धाकटीने फोन ताईंच्या हातात दिला आणि आत निघून गेली. ताई त्याला जे बोलल्या ते त्यांनी शाळेच्या फाटकाबाहेर गोळ्या विकणाऱ्या माणसालाही कधी ऐकवलं नव्हतं. पाट्या पुन्हा लागल्या नाहीत. त्याच दुपारी ताईंनी बॅग भरली आणि आपल्या घरी गेल्या. धाकटीने ‘राहा’ म्हटलं नाही. दारापर्यंत बॅग तेवढी आणून दिली.

बरेच दिवस फोन नाही, काही नाही. मग प्रदर्शन उठायच्या आधी एका भर दुपारी ताई एकट्याच त्या हॉलमध्ये गेल्या. आत काळं कुत्रं नव्हतं. टाळ्यावाले, शिट्टीवाले, हनुवटीवाले, सगळे दुसरीकडे कुठेतरी टाळ्या वाजवत असणार. दाराशी खुर्चीवर गार्ड तेवढा बसलेला. पाट्यांच्या जागी भिंतीचे पोपडे गेले होते. ताई एकेका चित्रासमोरून गेल्या. भिंत, विहिणी, रजा, दूध. प्रत्येकाने आपलं नाव मुकाट्याने सांगितलं. हजर, बाई. त्यांनी स्वतःला मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अगदी शेवटी, खांबाच्या आड, एक लहान चित्र होतं. ते ताईंनी कधी पाहिलंच नव्हतं. गुळगुळीत चित्रं निवडून गेल्यावर, हाताच्या व्यायामाला त्या बाहेर जात तेव्हा केव्हातरी झालं असणार, म्हणून त्याला पाटीही नव्हती. करड्यावर हिरवट काहीतरी सरकत आलेलं, थांबलेलं, आणि खालचा डावा कोपरा कोरा. ताईंच्या जिभेवर एक नाव आलं. चांगलं होतं, लोक हसले असते. त्यांनी दात दाबून ते आतच ठेवलं आणि उभ्या राहिल्या. पाय दुखले, मग बाकावर बसल्या.

संध्याकाळी त्यांनी धाकटीला फोन केला.

“गेले होते,” त्या म्हणाल्या.

“बरं.”

“ते खांबामागचं. हिरवट. खालचा कोपरा कोरा सोडलास ते. ते बरंय.”

धाकटी म्हणाली, “तो कोपरा कोरा नाहीये. नीट बघितलं नाहीस तू.”

ताईंना हे वाक्य आजवर कोणी म्हटलं नव्हतं. हेच वाक्य त्यांनी मात्र पिढ्यान् पिढ्यांना ऐकवलं होतं. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ धुसफुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी हॉल उघडला तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. सरळ खांबामागे गेल्या, वाकल्या, नाक जवळजवळ काचेला लागलं. कोपरा कोरा नव्हता. पांढऱ्यावर पांढरं, मग त्यावर अगदी पुसट करडं, घासून घासून इतकं पातळ केलेलं की कागदानेच श्वास सोडल्यासारखं. आणि त्यात हिरव्याचा एक धागा शिरलेला, काल अख्खी दुपार समोर बसूनही न दिसलेला.

“कालच बघून गेलात ना, बाई?” गार्ड जांभई देत म्हणाला. “तेच चित्र आहे. बदललेलं नाही.”

“तुम्ही बघितलंय का ते?”

“मी रोज इथेच असतो.”

“ते नाही विचारलं,” ताई म्हणाल्या, आणि बाक ओढून घेऊन बसल्या.